धावणाऱ्यांची पोटं आणि मामांचा काटा

३ जुलै

ती. मामास,
शि. सा. न. वि. वि.

तुझी प्रकृती उत्तम असणारच, कारण ती बिघडली तरी तू आम्हाला कळू देणार नाहीस. मी बरी आहे. वसतिगृहातली खोली मिळाली, खिडकी मिळाली, खिडकीतून समोरच्या इमारतीची भिंतही मिळाली.

आता मुख्य बातमी. शेवटच्या सत्राच्या अहवालाचा विषय ठरला. दुकानात गिऱ्हाईक नसेल तेव्हाच पुढचं वाच. विषय आहे, ‘विद्यापीठातील विद्यार्थ्यांची बद्धकोष्ठता आणि त्यांची शारीरिक हालचाल’. त्या दिवशी मी वर्गात उशिरा पोचले आणि जो विषय कुणीच उचलला नव्हता तो माझी वाट बघत बसला होता. माझ्या खोलीतली मैत्रीण वेळेवर गेली होती, म्हणून तिला ‘हसण्याचे आरोग्यावरील परिणाम’ मिळाला. ती शेवटची कधी हसली ते तिच्या आईलाही आठवत नाही.

आई शेजारीपाजारी सांगते, की लेक पोटावर फार मोठं संशोधन करतेय, आणि कुणी पुढचं विचारायच्या आत दूध उतू गेल्यासारखी आत पळते. बाबांनी आपल्या झेरॉक्सच्या दुकानात माझ्या प्रश्नावलीच्या प्रती स्वतः काढल्या, पण गिऱ्हाइकाला दिसू नये म्हणून सगळा गठ्ठा पालथा ठेवला.

चेष्टा सोड, मामा. आमच्या मार्गदर्शक मॅडमच्या हाताखाली संशोधन सहायकाची एकच जागा आहे. ज्याचा अहवाल चोख त्याला ती मिळणार, असं त्या सगळ्यांसमोर म्हणाल्या. मला ती हवी आहे. नाही मिळाली तर बाबांच्या दुकानात उभं राहून दुसऱ्यांचे अहवाल काचेवर पालथे घालायचे, एवढंच माझ्या शिक्षणाचं चीज होणार. प्रश्नावली सोबत जोडली आहे. तुझ्या नजरेतून चूक सुटत नाही असं तूच म्हणतोस, तेव्हा बघ.

मामीला नमस्कार. लोभ आहेच, तो विषय वाचूनही टिकावा.

तुझी,
भिंगरी


९ जुलै

चि. भिंगरी हीस,
अनेक उ. आ.

पत्र पोचलं. गिऱ्हाईक समोर असतानाच वाचलं, मला लाजायचं कारण नाही. तुला लहानपणी भिंगरी हे नाव मीच दिलं, कारण तू एका जागी बसत नव्हतीस. आता विद्यापीठाने तुला खुर्चीत बसवून दुसऱ्यांची हालचाल मोजायला लावलं, ही त्यांची विनोदबुद्धी मला आवडली.

मी काही शिकलेला नाही. शाळेने मला सोडलं की मी शाळेला, यावर तुझ्या आजोबांचं आणि माझं कधी एकमत झालं नाही. पण वजनकाटा मी काट्यालाच विचारून शिकलो. आज सोनाराच्या नाजूक काट्यापासून भंगारवाल्याच्या लोखंडी काट्यापर्यंत काहीही बिघडलं, की ते माझ्याच दुकानात येतं. मोजण्याच्या बाबतीत मला विचारलंस, यात तुझी अक्कल दिसते. ती आजोळाकडून आली असणार.

प्रश्नावली पाहिली. लाल शाईने खुणा केल्या आहेत, घाबरू नकोस. व्यायाम करता का, या प्रश्नाला तू उत्तरं दिलीस ‘रोज’, ‘कधी कधी’ आणि ‘नाही’. पोट साफ होतं का, यालाही तेच. कधी कधी या नावाचं वजन मी आजवर कुठल्या पेटीत पाहिलेलं नाही. ते उत्तर नव्हे, ती मागच्या दाराने सटकायची सोय आहे. पुसून टाक. माणसाला होय म्हणू दे नाहीतर नाही म्हणू दे. व्यायाम म्हणजे काय तेही लिही. नाहीतर तुझे विद्यार्थी फोनवर अंगठा फिरवतात तेही त्यात धरतील, आणि मग सगळं विद्यापीठ पैलवान निघेल.

दुसरं, मोजायला बसण्याआधी रिकाम्या पारड्यांचा काटा मध्यावर आहे का ते बघायचं. म्हणजे काय निघावं असं आपल्याला वाटतं, ते आधी मनातून काढून बाहेर ठेवायचं.

तसं काय निघणार ते मी आत्ताच सांगून ठेवतो. जो चालतो त्याचं पोट चालतं. जो लोळतो त्याचं अडतं. यासाठी विद्यापीठ लागत नाही. माझंच बघ. सकाळी उठलो, डोळे पुरते उघडायच्या आत चपला घातल्या, की मी निघालो. पुलापर्यंत झपाझप जातो आणि तिथून थेट दुकानाचं शटर वर करतो. इतक्या वर्षांत खंड नाही. पोट घड्याळासारखं. खरं तर या विषयावर डॉक्टरांनी येऊन मला विचारायला हवं, पण त्यांनाही मान असतो.

मामी आशीर्वाद सांगते. ममता वाढव, बसणं कमी कर.

तुझा,
मामा


२१ ऑगस्ट

ती. मामास,
शि. सा. न. वि. वि.

मधे पत्र नाही म्हणून रागावू नकोस. विद्यापीठभर लोकांना पोट कसं आहे हे विचारत फिरणाऱ्या मुलीला लिहायला सवड नसते आणि जेवायला सोबत नसते. मी खानावळीत शिरले की ओळखीची टेबलं पटापट भरलेली निघतात.

तुझ्या सगळ्या दुरुस्त्या केल्या. कधी कधी पुसून टाकलं. पहिल्या दिवशी वर्गात कागद वाटले, तर मुलांनी एकमेकांची उत्तरं भरली आणि शेवटच्या बाकावरच्या एका बिचाऱ्याला अख्ख्या वर्गाने असाध्य रुग्ण ठरवलं. ते सगळे कागद फेकले. मग एकेकाला वाचनालयामागच्या रिकाम्या खोलीत बसवून, नाव न घेता, फक्त खेळाच्या संघात असल्यास तेवढं लिहायला सांगून, बंद पेटीत कागद टाकायला लावला. तूसुद्धा चूक काढू शकला नसतास.

आणि मामा, निघालं उलटंच.

आमच्याकडे लोळ्या म्हणून एक मुलगा आहे. तो खोलीतून खानावळीत आणि खानावळीतून खोलीत जातो. जिना चढायचा असेल तर आधी मनाची तयारी करतो. नाव लिहू नकोस म्हटलं तरी त्याने कागदावर मोठ्या अक्षरांत सही करून टाकली आणि वर मला सांगून गेला, की पोटाच्या बाबतीत त्याचा हात कुणी धरणार नाही. त्याच्यासारखे बाकीचेही मजेत आहेत. आणि पोटाने सगळ्यात जास्त अडलेले कोण, तर विद्यापीठाचा धावण्याचा संघ! सकाळ-संध्याकाळ धावणारे, अंगावर चरबीचा ठिपका नसलेले. जवळजवळ सगळेच नाही म्हणतात. मी पेटी दोनदा उपसून पाहिली.

मॅडमना दाखवलं. त्यांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला, पण आकडे तेच राहिले. मग म्हणाल्या, की व्यायामाने पोट सुधारतं हे शेंबडं पोरही सांगेल, आणि त्याच्या उलट लिहिलेला अहवाल घेऊन त्या कुणापुढे उभ्या राहणार. मग आवाज मऊ करून म्हणाल्या, की खेळाडू हे काही सर्वसामान्य विद्यार्थी नव्हेत, त्यांना मुळातच वगळलं असतं तर बरं झालं असतं. वगळून पाहिलं. सगळं सरळ झालं, अगदी तू पत्रात लिहिलंयस तसं. मॅडमनी पाठीवर हात ठेवला आणि सहायकाच्या खोलीत पंखा नवीन बसवला आहे, एवढंच सांगितलं.

मामा, त्यात खोटं काही नाही ना? एकही आकडा बदलायचा नाही. फक्त काही माणसं बाहेर ठेवायची. तरी मला जेवण गोड लागत नाही. तू सांगशील तसं करीन. तुझ्याइतका काटेकोर माणूस माझ्या माहितीत नाही.

उत्तराची वाट बघते. प्रेम असू दे, सल्ला लवकर येऊ दे.

तुझी,
भिंगरी


२६ ऑगस्ट

चि. भिंगरी हीस,
अनेक उ. आ.

तुझं पत्र वाचून मी हातातला काटा खाली ठेवला. धावणाऱ्यांची पोटं अडलेली आणि लोळणाऱ्याचं साफ? उद्या मला लिहिशील, की पोहणारे कोरडे निघाले.

पोरी, वजन चुकीचं आलं की आपण धान्याला दोष देत नाही, काटा तपासतो. तुझे धावणारे एक तर खोटं बोलतात, किंवा प्रश्न न वाचता खूण करून पळाले, कारण पळणं एवढंच त्यांना येतं. लोळ्याचं तर बोलूच नकोस. ज्याला जिना चढवत नाही, त्याला खरं बोलायचे कष्ट कोण देणार?

तुझ्या मॅडम मला शहाण्या वाटल्या. तू विचारलंस म्हणून स्पष्ट सांगतो. धान्य तोलण्याआधी त्यातले खडे निवडून काढतात. त्याला कुणी लबाडी म्हणत नाही, नीटनेटकेपणा म्हणतात. धावणारे हे तुझ्या धान्यातले खडे समज, बाजूला काढ, आणि अहवाल देऊन टाक. पंखा नवा आहे म्हणतेस, तर जागा चांगलीच असणार. तुझ्या बापाच्या दुकानात शाईचा वास फार.

हे पत्र टाकण्याआधी मी मामीला मोठ्याने वाचून दाखवलं. खड्यांचा दाखला तिला फार पटला असावा, कारण ती पुढचं ऐकायलाही थांबली नाही, उठून आत गेली.

माया आहे ती आहेच. निकाल सरळ लागल्यावर कळव.

तुझा,
मामा


२७ ऑगस्ट

चि. भिंगरी हीस,
मामीचे अ. उ. आ.

तुझ्या मामाच्या पत्रामागोमाग हे पत्र येईल. मी लिहिलंय हे त्याला ठाऊक नाही, आणि ठाऊक व्हायचं कारणही नाही.

तो तुला खडे निवडायला सांगतोय. खडे कोण ते मला चांगलं माहीत आहे. त्यातला एक माझ्याबरोबर संसार करतो.

तू त्याला लहानपणापासून बघतेस, पण सकाळी बघितलं नाहीस. उठला की चपला. चालणं आधी, बाकीचं मग, हा त्याचा नियम. पुलापर्यंत जाऊन येईतो दुकान उघडायची वेळ झालेली असते. दुकानात सोय नाही. शेजारच्या छापखान्यात आहे, पण तिथे जायचं म्हणजे छापखानेवाल्याला विचारायचं, आणि तुझा मामा कुणाला काही विचारेल का? मग दिवसभर तसाच. घड्याळासारखं पोट म्हणतो ना, त्या घड्याळाला किल्ली मी देते. जेवणानंतर गरम पाण्यातून दोन चमचे पावडर. डबा वरच्या फळीवर, साखरेच्या मागे असतो. औषधाच्या दुकानात जायचं कामही माझंच. तिथला मुलगा मला बघितलं की न विचारता डबा काढतो. त्याला वाटतं पोट माझंच आहे.

मी कधी बोलले नाही, कारण चालतो म्हणून निदान गुडघे धड आहेत. पण तुझ्या त्या धावणाऱ्यांना खोटारडे म्हटलेलं ऐकलं आणि माझा राग अनावर झाला. ती पोरं खोटं बोलत नाहीत, भिंगरी. ती कधी उठतात, कधी धावतात आणि धावून आल्यावर त्यांना निवांत बसायला कुठे मिळतं, एवढं जाऊन बघून ये. मग वगळायचं की ठेवायचं ते तुझं तू ठरव. तुला जागा मिळावी असं मलाही वाटतं.

मामाला माझं नाव कळू देऊ नकोस. तुझ्यावरचा जीव तसाच आहे. पावडर मात्र मीच आणते हे विसरू नकोस.

तुझी,
मामी


३० सप्टेंबर

ती. मामास,
शि. सा. न. वि. वि.

तुझं पत्र मिळालं होतं. खड्यांचं वाचलं आणि मॅडमना होकार द्यायला निघालेच होते. मग म्हटलं, टाकायच्या आधी खडा निदान हातात घेऊन बघावा, म्हणून मैदानावर गेले.

सकाळी अंधुक असतानाच संघ तिथे हजर असतो. प्रशिक्षकांच्या गळ्यात शिट्टी आहे आणि तोंडात तिच्याशिवाय दुसरं काही नाही. धावण्याआधी पाणी प्यायचं नाही, पोट हिंदकळतं. उशीर झाला तर सगळ्या संघाला जास्तीचा फेरा, म्हणून पोरं उठल्याबरोबर बूट घालून पळत सुटतात. धावणं संपलं की आंघोळीची झुंबड, आणि लगेच वर्ग, जिथे दोन मिनिटं उशीर झाला तर हजेरी नाही. खेळाडूंच्या वसतिगृहात मजल्यावर दोन संडास आहेत. एकापुढे रांग असते. दुसऱ्याला कुलूप आहे. ते मी उघडायला लावलं. आत काय असेल सांग? भाले. भाले, गोळे आणि बिनमुठीचा एक चषक. भांडारात जागा नाही म्हणून. भांड्यावर फळी टाकून त्यावर सगळं नीट मांडलं होतं. संडासात निवांत बसायचा मान सगळ्या विद्यापीठात फक्त त्या चषकाला होता.

आणि लोळ्या उठतो कधी? सगळे वर्गात गेल्यावर. पाण्याची बाटली घेऊन, गाणं म्हणत, सगळा मजला एकट्याचा. त्याचा निकाल खरा आहे, मामा. माझा काटा बरोबर होता.

संघात एक उंच मुलगी आहे, तिला सगळे जिराफ म्हणतात. पोटाच्या त्रासाने तिने सकाळचं खाणं सोडलं होतं आणि संघही सोडायच्या बेतात होती. तिला वाटत होतं, हा दोष तिच्या एकटीच्या शरीरात आहे. मी तिला एवढंच सांगितलं, की पेटीतल्या संघाच्या जवळजवळ प्रत्येक कागदावर तेच उत्तर आहे. ती पायरीवर बसली आणि रडायच्या ऐवजी हसत सुटली. तिला वगळून अहवाल सरळ होत होता. मला ते जमलं नाही.

संघ ठेवला. धावल्याने पोट अडत नाही, बसायला वेळ आणि जागा न मिळाल्याने अडतं, असं लिहिलं. भाल्यांसकट. मॅडमनी पास केलं. तक्रार करता येण्यासारखं त्यात काही नव्हतं, हेच त्यांना लागलं. सहायकाची जागा हसण्याच्या परिणामांना मिळाली. यादी वाचून माझी मैत्रीण पहिल्यांदाच हसली, तेव्हा तिचा विषय निदान सिद्ध झाला. नवा पंखा तिच्या डोक्यावर फिरतो. मी पुढच्या आठवड्यापासून बाबांच्या दुकानात.

प्रशिक्षकांनी भाले हलवले. आमच्याकडे कुणी तक्रार केली नव्हती असं ते म्हणतात. शिट्टीपुढे कोण करणार?

सोबत एक कोरी प्रश्नावली पाठवते. माझ्या अहवालात सकाळी उठल्याबरोबर चालायला जाणारा, काटेकोर, मध्यमवयीन माणूस एकही नव्हता. अहवाल देऊन झाला आहे, त्यामुळे तुझा कागद कुठेही जाणार नाही. पण भरलास तर मला बरं वाटेल. मामीकडून भरून घेऊ नकोस.

तुझी,
भिंगरी


८ ऑक्टोबर

चि. भिंगरी हीस,
अनेक उ. आ.

पत्र आणि कागद दोन्ही मिळाले. मध्यमवयीन हा शब्द तू मुद्दाम घातलास, ते लक्षात आलं.

परवा एक दुकानदार आला. जुनं गिऱ्हाईक. काटा जरा त्याच्या बाजूने झुकता करून हवा होता. फार नाही, म्हणाला, आकडे तेच राहतील, फक्त पारड्याखाली जरासं काहीतरी. मी माझं नेहमीचं भाषण सुरू केलं, की माझ्या हातून गेलेला काटा कुणाचीही बाजू घेत नाही, वगैरे. ते मला पाठ आहे. मधेच मला तुला लिहिलेले खडे आठवले आणि भाषण तिथेच थांबलं. गिऱ्हाइकाला वाटलं मी विचार करतोय. त्याला हाकलला, पण नेहमीचा जोर आला नाही.

माझं ते पत्र फाडून टाक. ठेवायचं असेल तर बापाच्या दुकानात पालथं ठेव.

तुझी जागा गेली त्याबद्दल. खरं तोलणाऱ्याच्या दुकानात शेवटी गर्दी होते, असं सांगून तुझी समजूत काढणार नाही. इतकी वर्षं बघतोय, होत नाही. गर्दी शेजारच्याकडे असते. पण ज्याला खरंच तोलून घ्यायचं असतं तो विचारत विचारत येतो, हेही बघितलंय. तुझ्या जिराफासारखा एखादा. तुझ्या अहवालाची एक प्रत मला पाठव. झेरॉक्स फुकट मिळत असेल.

काल सकाळी चपला घालताना मामी दारात उभी राहिली. मी चपला काढल्या, पाणी प्यायलो आणि वर्तमानपत्र घेऊन आत गेलो. चालायला उशिरा निघालो, दुकान उशिरा उघडलं. छापखानेवाल्याने काळजीने विचारलं, तब्येत बरी आहे ना? त्याच्याकडे कधीतरी दुसरी एक गोष्ट विचारायची आहे, ती अजून विचारलेली नाही. एकदम सगळं होणार नाही.

आता तुझा कागद. व्यायाम करता का, यावर होय अशी खूण केली. ठळक केली आहे. पुढचा प्रश्न, पोट साफ होतं का. तिथे तू दोनच चौकटी ठेवल्यास, होय आणि नाही. ठेवायला मीच सांगितलं होतं. बराच वेळ पेन हातात धरून बसलो. होय लिहावं, तर फळीवरचा डबा समोर दिसत होता. नाही लिहावं, तर काल सकाळचं काय करायचं? शेवटी चौकटी तशाच सोडल्या आणि बाजूच्या मोकळ्या जागेत हाताने लिहिलं आहे, कधी कधी.

लाल शाईने खूण करू नकोस. मामीने कागद पाहिला आणि ती हसली नाही, याची नोंद घे.

लोभ आहे तेवढा ठेव, तोलून बघू नकोस.

तुझा,
मामा